दुसऱ्या जगासाठी करवत

१ जानेवारी २००७ रोजी रोमानिया युरोपीय संघाचा सदस्य झाला. ही गोष्ट कोणालाही पडताळून पाहता येते. त्याच दिवशी सकाळी वाल्या-नुकुलुई गावचा सुतार ग्लिगोरे त्रुश्का आपल्याच अंगणातल्या बर्फावर घसरून पडला. ही गोष्ट मात्र त्याची बायको सावेता आणि शेजारी निस्तोर यांच्या सांगण्यावरून मानावी लागते, आणि दोघांचे सांगणे जुळत नाही. सावेताच्या मते तो रात्री प्यायलेल्या त्सुइकामुळे पडला. निस्तोरच्या मते निव्वळ बर्फामुळे. आलुबुखाराची ती दारू निस्तोरच्या घरची होती, हे ध्यानात घेता त्याच्या साक्षीला किती वजन द्यायचे ते ज्याने त्याने ठरवावे.

हाड मोडले नाही, पण कंबर धरली. ग्लिगोरे सत्तरीच्या उंबरठ्यावर होता आणि जाणत्या वयात प्रथमच आतल्या खोलीतल्या खाटेवर दिवसचे दिवस पडून होता. आडव्या माणसाला घरातले बोलणे उभ्या माणसापेक्षा जास्त ऐकू येते. एका दुपारी सावेता निस्तोरच्या बायकोबरोबर स्वयंपाकघरात घेवडा निवडत बसली होती, आणि विषय होता ग्लिगोरेच्या पोमान्याचा.

पोमाना म्हणजे मेलेल्याच्या नावाने घातलेले जेवण आणि दिलेले दान. त्या खोऱ्यात त्याचा नियम साधा आहे. इथे जे जिवंत माणसाच्या हाती दिले, तेच तिथे मेलेल्याच्या हाती पोचते. वाडगा दिला तर वाडगा, चादर दिली तर चादर. घेणारा ‘बोगदाप्रोस्ते’ म्हणतो, म्हणजे देव त्याला क्षमा करो, आणि देणे पुरे होते. न दिलेले तिथे मिळत नाही. आणि द्यायचे ते नवे कोरे द्यायचे. याबद्दल गावात कोणाला शंका नाही. चर्चला थोडी आहे, पण चर्च ती बोलून दाखवत नाही.

“करवत तर द्यावीच लागेल,” सावेता म्हणत होती. “सुतार माणूस आहे. शहरात ते नवं दुकान झालंय ना, तिथं पिवळ्या मुठीच्या मिळतात. दिसायलाही छान असतात.”

“आणि भिंतीवरच्या जुन्या?”

“त्या कोण घेतंय? गंजक्या, बोथट. लोक म्हणतील, नवऱ्याच्या नावावर घरातलं भंगार काढलं.”

ग्लिगोरेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुखऱ्या कंबरेपाशी ती थोडी अडखळली असावी, कारण तो लगेच बोलला नाही.

“सावेता,” तो शेवटी आतून म्हणाला, “मी अजून मेलेलो नाही.”

“ते कळतंय. मेलेली माणसं दोनदा मक्याची मामालिगा मागून घेत नाहीत.”

“ती पिवळ्या मुठीची मला नको.”

“का? तिला काय धाड भरलीय?”

“तिचे दात भाजून कडक केलेले असतात. कानस लावली तर घसरते. एकदा बोथट झाली की संपली. फेकायची.”

“मग फेक.”

“कुठं फेकू? आणि फेकल्यावर दुसरी कोण देणार? तू काय दर दोन वर्षांनी माझा पोमाना घालत बसणार आहेस?”

सावेताने मूठभर घेवडा परातीत टाकला. “सात वर्षं घालतात,” ती म्हणाली. “मी सातही वर्षं घालीन, मागं हटणार नाही. त्यापुढं ज्याचं त्यानं बघायचं.”

त्यापुढे अनंतकाळ होता. अनंतकाळ आणि हातात एक बोथट, धार न लागणारी करवत, हे चित्र ग्लिगोरेच्या डोळ्यांसमोर उभे राहिले, आणि कंबरेपेक्षा ते जास्त दुखले.

भिंतीवर टांगलेल्या दोन करवती त्याच्या बापाच्या होत्या. एक लाकूड उभे चिरायची, तिचे दात छिन्नीसारखे. दुसरी आडवे कापायची, तिचे दात सुरीसारखे. या दोन करवतींनी ग्लिगोरेने निम्म्या गावाच्या ओसऱ्यांचे खांब, फाटके, पाळणे आणि शवपेट्या केल्या होत्या. सहकारी शेतीच्या काळात सफरचंदांची खोकी करायची सक्ती झाली, तेव्हाही याच करवती चालल्या होत्या, जरा नाराजीने. जुने पोलाद शंभरदा धार लावून घेते, असे तो सांगे. शंभर हा आकडा त्याचा. मोजल्याचा पुरावा नाही.

“एवढं धार लावून घेतात,” सावेता म्हणाली, “मग गेली कित्येक वर्षं बोथट का लटकल्यात?”

“लावायला माणूस कुठाय?”

“मग तिथं कोण आहे?”

तिने हे सहज विचारले, आणि त्यानेही सहज उत्तर दिले. “पांतेली.”

त्या घरात हे नाव गेल्या पंधरा वर्षांत कोणी उच्चारले नव्हते. निस्तोरच्या बायकोने घेवडा निवडायचे थांबवले. तिच्या मते ग्लिगोरेही त्या क्षणी थोडा घाबरला, पण ती दुसऱ्या खोलीत होती, तेव्हा हा तर्कच समजावा.

पांतेली स्कुर्तू गावाचा धारकरी. कापणे सुताराचे आणि धार लावणे धारकऱ्याचे, अशी त्या गावची वाटणी होती. सुताराने स्वतः कानस हाती धरणे म्हणजे लग्नात नवऱ्यामुलाने स्वतः व्हायोलिन वाजवण्यासारखे मानले जाई. पांतेलीने वीस-पंचवीस वर्षे ग्लिगोरेच्या करवती घासल्या, आणि एके वर्षी उभे चिरायच्या करवतीला सुरीसारखे दात काढून दिले. बापाची करवत. ग्लिगोरेने ती करवत त्याच्या दारात टाकली, परत उचलली आणि अबोला धरला. पुढे १९९८ साली पांतेली वारला. त्याची शवपेटी ग्लिगोरेनेच केली, कारण गावात दुसरा सुतार नव्हता. करताना त्याने तोंडातून शब्द काढला नाही, मृतानेही काढला नाही, आणि भांडण जिथे होते तिथेच राहिले.

चाळिसाव्या दिवशी पांतेलीच्या विधवेने, पारास्किवाने, पोमाना घातला. तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली नवऱ्याची कानस, तिच्यावर मेणबत्ती आणि छोटा पाव, असे सगळे हातात घेऊन ती भर अंगणात ग्लिगोरेसमोर उभी राहिली. ग्लिगोरेने हात पाठीमागे घेतले. हे पाहणारे किमान दहा लोक आजही हयात आहेत आणि या एका बाबतीत सगळ्यांचे सांगणे तंतोतंत जुळते.

त्या जानेवारीत खाटेवर पडल्या पडल्या ग्लिगोरेने ठरवले की आपला पोमाना आपणच घालायचा. जिवंतपणी घालायची रीतही त्या भागात आहे. ज्यांचा मागे राहणाऱ्यांवर भरवसा नसतो ते घालतात. सावेतावर त्याचा भरवसा होता. तिच्या पिवळ्या मुठीवर नव्हता.

चालता येऊ लागल्यावर तो आधी पाद्र्याकडे गेला. कालिन नावाचा हा तरुण पाद्री क्रायोव्हा शहरात शिकून आलेला, सावध बोलणारा. गावात त्याला सगळे पारिंते, म्हणजे फादर, म्हणत, आणि वडीलधाऱ्या पुरुषांना ‘नेआ’ म्हणायची तिथली रीत.

“पारिंते, जिवंतपणीचा पोमाना घालायचाय.”

“घाला, नेआ ग्लिगोरे. चार लोकांना जेवू घालणं केव्हाही चांगलं.”

“जेवण सावेता बघेल. मला करवतीचं विचारायचंय. जुनी दिली तर पोचते का?”

“देवाच्या राज्यात सुतारकाम नसतं.”

“मग संत योसेफ काय करतात?”

पारिंतेने दाढीवरून हात फिरवला. “विश्रांती घेतात.”

“दोन हजार वर्षं? सुतार?”

“तुम्ही कधी घेतली नाहीत म्हणून तुम्हाला अवघड वाटतं.”

“घेतली की. आत्ताच तीन आठवडे घेतली. नाही जमत, पारिंते.”

चर्चच्या छपराच्या फळ्या कुजल्या होत्या आणि उन्हाळ्यात त्या बदलायला पारिंतेला सुतार लागणार होता. या गोष्टीचा त्याच्या उत्तरावर परिणाम झाला, असे म्हणायला आधार नाही. तो एवढेच म्हणाला, “मनापासून दिलेलं पोचतं.”

“नवं की जुनं?”

“मनापासून.”

ग्लिगोरेने घरी येऊन सांगितले की पारिंतेने जुन्या करवतींना मान्यता दिली. सावेताने पारिंतेचे शब्द नेमके काय होते ते विचारून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे नवीच. मनापासून देणारा जुनं कशाला देईल?”

राहिला प्रश्न धारेचा. करवती तिथे पोचतील, पांतेलीही तिथे होताच. पण पांतेलीकडे कानस होती का? ज्या माणसाने ती घ्यायला नकार दिला, त्याला हा प्रश्न नऊ वर्षे पडला नव्हता. आता पडला, आणि एका बुधवारी तो पारास्किवाच्या दारात उभा राहिला. ती अक्रोड फोडत होती.

“बस,” ती म्हणाली. “काम काय आहे?”

“काम नाही. असंच आलो.”

“असंच येणारे रविवारी येतात, धुतलेला सदरा घालून.”

ग्लिगोरे बसला. एक अक्रोड उचलून त्याने हातात फिरवला. “ती पांतेलीची कानस. नंतर कोणाला दिलीस?”

“कोणाला देणार? तू चारचौघांत हात मागे घेतलेस. लोकांना वाटलं त्या कानशीतच काही खोट आहे. चुलीमागं पडलीय.”

“म्हणजे त्याच्याकडे नाही?”

“नाही.”

“नऊ वर्षं?”

“नऊ वर्षं. बसला असेल हातावर हात ठेवून. एखादवेळेस बरंही वाटत असेल त्याला. इथं कधी बसला नाही मेला.”

ग्लिगोरेने अक्रोड खाली ठेवला. “त्यानं माझ्या बापाची करवत बिघडवली, पारास्किवा.”

“त्यानं? तू त्या करवतीनं वर्षभर सरपण तोडत होतास. आडवं. दातांत राळ कुठं कुठं बसलीय ते बघून त्यानं मला दाखवलं होतं. म्हणाला, हा माणूस हिला ज्या कामाला लावतोय त्या कामाचे दात देतो, बिचारी सुखी तरी होईल.”

“मी सरपण तोडत नव्हतो.”

“मग सावेतानं तोडलं असेल.”

“सावेता कुऱ्हाड वापरते.”

“मग तूच.”

यावर तिसरा साक्षीदार नाही. खुद्द करवत हा एकमेव पुरावा होता, पण ती अबोल्यानंतर शहरातल्या एका यंत्रावर घासून घेतली गेली आणि पांतेलीने काढलेले दात भुशासारखे उडून गेले. ते दुकानही नंतर बंद पडले. तेव्हा या भांडणात चूक कोणाची, हे सांगता येत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

पारास्किवा उठली, चुलीमागून फडके काढले, त्याच्यावर घरातलीच एक मेणबत्ती आणि पावाचा तुकडा ठेवला. “पांतेलीच्या नावानं,” ती म्हणाली आणि थांबली. ग्लिगोरेने या वेळी दोन्ही हात पुढे केले.

“बोगदाप्रोस्ते.”

“झालं,” ती म्हणाली. “लागला कामाला. आता तू जाशील तोवर वाट बघत बसेल.”

“घाई करू नको म्हणावं,” ग्लिगोरे म्हणाला.

कानस हातात आल्यावर त्याने एक गोष्ट केली जी सुताराने करू नये. दार लावून घेतले, आडवे कापायची करवत दोन फळ्यांत आवळली आणि दात घासायला बसला. आयुष्यभर त्याने हे काम पाहिले होते. पाहणे आणि करणे यांत किती अंतर असते ते त्याला चौथ्या दातापाशी कळले. संध्याकाळपर्यंत दातांची रांग अशी झाली होती की जणू प्रत्येक दात वेगळ्या माणसाच्या तोंडातून आणला आहे. दुसऱ्या करवतीला त्याने हात लावला नाही. मग त्याला सुचले की एवढी यातायात करायचे कारणच नाही. तिथे पांतेली आहे, पांतेलीकडे आता कानस आहे, धार तिथेच लागेल. इथे करवत कशी आहे याला महत्त्व नाही. हा युक्तिवाद बिनतोड होता. निस्तोरला मात्र त्याने तो सांगितला नाही, कारण करवती मिळणार होत्या निस्तोरला.

फेब्रुवारीत, मोठ्या उपासाआधी जो मृतांचा शनिवार येतो, त्या दिवशी पोमाना झाला. अंगणात टेबले मांडली. रस्सा, कोबीच्या पानात गुंडाळलेले सार्माले, शिजवलेल्या गव्हाची गोड कोलिवा. ग्लिगोरेने स्वतःसाठी स्वतः केलेले टेबल, तिपाई, वाडगा, घोंगडी, कंदील, सगळे नवे कोरे, एकेका माणसाच्या हाती दिले. शेवटी करवती आणायला तो वळला, तर टेबलावर त्या दोन करवतींशेजारी तिसरी पडलेली. पिवळ्या मुठीची, दातांवर अजून कागदाची पट्टी.

“ही कोणी ठेवली?” त्याने हळू विचारले.

“मी,” सावेता तितक्याच हळू म्हणाली. “सगळं नवं आणि करवत तेवढी गंजकी. बरं दिसत नाही. तिन्ही दे.”

“मी तिथं काय करवतींचं दुकान घालू?”

“लोक बघतायत.”

ग्लिगोरेने पिवळी करवत पायाने बाकाखाली सरकवली, जुन्या दोन्हींना मेणबत्त्या बांधल्या आणि निस्तोरच्या हाती दिल्या.

निस्तोर ‘बोगदाप्रोस्ते’ म्हणाला. मग त्याची नजर दातांवर गेली. “नेआ ग्लिगोरे, हे दात असे का?”

“ते तिथं बघितले जातील.”

“आणि इथं?”

“इथं तू आहेस.”

ईस्टर झाला. ग्लिगोरेने जायची सगळी तयारी केली होती. धुतलेला सदरा पेटीत वर ठेवला होता, आणि सावेताला जाणवेल इतपत तो हळू चालू लागला होता. पण कंबर बरी झाली, भूक वाढली आणि मे महिन्यात पारिंते फळ्यांचे विचारायला आला, तेव्हा गावातल्या एकमेव सुताराकडे सगळे होते, करवत तेवढी नव्हती.

“निस्तोरकडून मागून आण,” सावेता म्हणाली.

“दिलेलं परत घेत नाहीत.”

“उसनी. दोन दिवस.”

“ज्याच्या नावानं दिलं त्याच्या हातातून हिसकावल्यासारखं होतं ते.”

“तुझ्याच हातातून ना?”

“म्हणून तर. माझ्या हातातून मी कशी हिसकावू?”

 सावेताने बाकाखालून पिवळ्या मुठीची करवत काढली, एप्रनने धूळ पुसली आणि त्याच्यासमोर ठेवून बाहेर गेली. ती कुंपणापर्यंतच गेली असणार, कारण फळीतून निघालेला आवाज तिने ऐकला आणि पुढे कैकदा वर्णन करून सांगितला. करवत लाकडात शिरली, ती वाट बघत असल्यासारखी. ओढताना कापत होती, ढकलताना कापत होती. बापाच्या करवतीला जिथे वीस हात मारावे लागत, तिथे हिला आठ पुरले.

“कशी आहे?” सावेताने जेवताना विचारले.

“बरी आहे.” तो बराच वेळ चावत राहिला. “मूठ हलकी आहे.”

“हलकी म्हणजे वाईट?”

“हलकी म्हणजे हलकी.”

पुढची आठ वर्षे ग्लिगोरेने सावेतासमोर या विषयावर एवढेच मत दिले. चर्चचे छप्पर त्याच करवतीने झाले. ती बोथट झाली तेव्हा खिळे आणायच्या निमित्ताने तो बसने शहरात गेला आणि दुपारी थोडे खिळे व कागदात गुंडाळलेले काहीतरी लांबट घेऊन आला. नंतरही अधूनमधून खिळे संपत राहिले. एका शरद ऋतूत सावेता गवताच्या माळ्यावर चढली, तर तुळईवर पिवळ्या मुठी ओळीने टांगलेल्या दिसल्या, बोथट झालेल्या, एकही फेकलेली नाही. तिने त्या तशाच राहू दिल्या. खाली येऊन ती म्हणाली, “खिळे पुष्कळ झालेत की घरात.” तो म्हणाला, “लागतात.”

इकडे निस्तोर इटलीत बांधकामावर जाई. एका हिवाळ्यात त्याने जुन्या करवती बरोबर नेल्या. तोरिनोजवळ एक म्हातारा अजून हाताने धार लावतो असे त्याला कळले होते. परत आला तेव्हा दोन्ही करवतींचे दात एका रांगेत होते; उभीचे छिन्नीसारखे, आडवीचे सुरीसारखे. त्याने कुंपणालगत कापायच्या लाकडी घोडीवर एक ओंडका टाकला आणि कापायला लागला. ग्लिगोरे ओसरीवर होता. सावेता सांगते की तो उठला नाही, फक्त त्याने टोपी काढली.

मग तो कुंपणापाशी गेला.

“चालवून बघता?” निस्तोरने मूठ पुढे केली.

“नको. माझी नाही ती.”

“अहो, क्षणभर.”

“क्षणभर इथं घेतली आणि तिथं तेवढ्यात काम अडलं तर?”

निस्तोर हसला नाही. तो म्हणाला, “मग निदान ओंडका धरा.” ग्लिगोरेने ओंडक्याचे दुसरे टोक धरले. कापून होईपर्यंत तो डोळे मिटून उभा होता. लांबून पाहणाऱ्याला ती प्रार्थना वाटली असती. निस्तोरच्या मते तो नुसता आवाज ऐकत होता.

“इटलीतल्या त्या म्हाताऱ्याचं नाव काय?” त्याने नंतर विचारले.

“विचारलं नाही.”

“विचारायला हवं होतंस. वय किती असेल?”

“तुमच्याएवढं. का?”

“काही नाही,” ग्लिगोरे म्हणाला. “असा माणूस तिथंही लागेल.” आणि थोडे थांबून, आजूबाजूला सावेता नाही हे बघून, “तशी पिवळीही वाईट नाही, निस्तोर.”

या वाक्याचा अर्थ काय लावायचा? निस्तोरला वाटते, त्या दिवशी नेआ ग्लिगोरेने हार मानली. पण ज्याने दोन मिनिटांपूर्वी डोळे मिटून जुनी करवत ऐकली, त्याचे हे म्हणणे नुसते सौजन्यही असू शकेल, हरलेल्या बाजूबद्दल दाखवलेले. एका वाक्यावर एका माणसाचे मत बांधता येत नाही, आणि दुसरे वाक्य उपलब्ध नाही.

२०१५ च्या वसंतात ग्लिगोरे आजारी पडला आणि या वेळी उठला नाही. पारिंते कालिन आला, दार लावून घेतले, कबुली ऐकली. तो गेल्यावर ग्लिगोरेने सावेताला जवळ बोलावले.

“करवतीचं बघ,” तो म्हणाला.

“काय बघू?”

“तू बघशील ते.”

“अरे माणसा, जुन्या दिल्यास तू. आता काय, नवी देऊ? नीट सांग.”

तो तिच्याकडे बघत राहिला. तिने पाणी पाजले, उशी सारखी केली, परत विचारले. तोवर त्याला झोप लागली होती, आणि त्या झोपेतच दुसऱ्या दिवशी तो गेला.

चाळिसावा दिवस जवळ आला तेव्हा सावेता पारिंतेकडे गेली.

“त्यानं तुम्हाला सांगितलं असेल.”

“कबुलीतलं मला सांगता येत नाही, सावेता मावशी.”

“पापं मला नकोत, ती मला पाठ आहेत. कोणती करवत, एवढंच.”

पारिंतेने दाढीवरून हात फिरवला. सावेताने त्याचा चेहरा निरखून पाहिला. तिचे म्हणणे, तो चेहरा काहीतरी जाणणाऱ्या माणसाचा होता. पण पारिंतेचा चेहरा नेहमीच तसा असतो.

मग ती बसने शहरात गेली. दुकानात पिवळ्या मुठी भिंतभर टांगलेल्या होत्या. ती त्यांच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. एक घेऊन चाळिसाव्याला दिली की गावाला कळले असते, इतकी वर्षे खरे कोण बोलत होते ते. पारास्किवाला कळले असते, निस्तोरच्या बायकोला कळले असते. बरोबर ठरण्यासाठी सावेताला फक्त एक करवत विकत घ्यायची होती आणि मेणबत्ती बांधून कोणाच्या तरी हाती द्यायची होती. दुकानातल्या पोरीने विचारले, “काय हवंय, मावशी?” सावेता म्हणाली, “खिळे.”

चाळिसाव्या दिवशी तिने सदरा दिला, टोपी दिली, जोडे दिले, उशी दिली. करवत दिली नाही.

“करवत गं?” पारास्किवाने टेबलावरून विचारले.

“त्याच्याकडे आहेत,” सावेता म्हणाली. “त्यानं स्वतः दिल्यात. त्या चांगल्या आहेत असं तो म्हणायचा. मी कशाला गावासमोर त्याला खोटं पाडू?”

“पण त्याला नवी हवी असली तर?”

सावेताने कोलिवाचा वाडगा पुढे सरकवला. “हवी होती तर तोंडानं मागायची.”

पोमाना उरकला. पुढची सहा वर्षेही तिने घातला. दर वेळी काही ना काही दिले, करवत कधीच नाही. सरपण तोडायला ती आता कुऱ्हाड वापरत नाही. माळ्यावरच्या पिवळ्या मुठींपैकी एक अजून बऱ्यापैकी कापते, असे तिला आढळले आहे.

ग्लिगोरेने सावेताला ‘करवतीचं बघ’ म्हटले तेव्हा त्याला कोणती करवत अभिप्रेत होती, हे अद्याप माहीत नाही. पारिंते कालिनला ते माहीत आहे की नाही, हेही माहीत नाही. पांतेली आणि ग्लिगोरे यांच्यात बोलणे सुरू झाले का, याबद्दल कसलीही माहिती उपलब्ध नाही.